महानगरालगत भाड्याचे घर शोधताना: कुटुंबासाठी परिसर कसा निवडावा

मोठ्या शहराच्या आसपास भाड्याचे घर शोधणारे कुटुंब बहुधा घरापासूनच सुरुवात करते. खोल्या किती, भाडे किती, उजेड पुरेसा आहे का, हे आधी पाहिले जाते. परिसराचा विचार त्यानंतर येतो आणि तोही ‘एरिया चांगला आहे’ एवढ्या ऐकीव वाक्यावर आटोपला जातो. माझे आग्रहाने सांगणे असे की, हा क्रम उलटा हवा. घरातली गैरसोय कपाट हलवून, पडदा लावून किंवा खोल्यांची वाटणी बदलून निभावून नेता येते. परंतु दारासमोरचा रस्ता, शाळेचे अंतर, रात्रीचा आवाज आणि शेजारपाजार यांपैकी काहीही बदलणे भाडेकरूच्या हातात नसते. शिवाय परिसर जोखायचा तो घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्याच्या सोयीने नव्हे, तर त्या परिसरात दिवसाचे सर्वाधिक तास घालवणाऱ्यांच्या, म्हणजे बहुतेक घरांत मुलांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसाच्या बाजूने. पुढील सर्व पायऱ्या याच विचारावर बेतलेल्या आहेत.

आधी घराचा दिवस कागदावर उतरवा

जाहिराती चाळण्यापूर्वी घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने आपला नेहमीचा कामाचा दिवस वेगवेगळ्या कागदावर लिहावा. सकाळी कोण किती वाजता बाहेर पडते, मुलाला शाळेत कोण सोडते आणि कोण आणते, दुपारी शाळेतून ‘ताप आला आहे, घेऊन जा’ असा फोन आला तर कोण किती वेळात पोहोचू शकते, आजी-आजोबांना औषधासाठी किंवा फिरण्यासाठी एकट्याने कुठवर जाता आले पाहिजे, हे सर्व त्यात यावे. नंतर हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एकाने सहज गृहीत धरलेले काम दुसऱ्याच्या कागदावर मुळी नसतेच, हे अनेक घरांत अशा वेळी प्रथम लक्षात येते, आणि घर घेतल्यानंतर उडणारे बरेचसे खटके याच ठिकाणी आधी मिटवता येतात.

या कागदांवरून ज्यांबाबत कोणतीही तडजोड चालणार नाही अशा दोन-तीन गोष्टी निश्चित कराव्यात. मुलाला दमा असेल तर हवा, घरात चाकाची खुर्ची असेल तर पायऱ्या नसलेला रस्ता, दोघांची कार्यालये शहराच्या दोन टोकांना असतील तर दोन्हीकडे जाणारी वाहतूक, अशी ती यादी प्रत्येक घराची वेगळी असेल. ती दोन-तीन गोष्टींपलीकडे वाढू देऊ नये, कारण दहा अटी सांभाळणारा परिसर बहुधा सापडत नाही आणि मग थकून हाती लागेल ते घर घेतले जाते.

भाडे आणि प्रवास एकाच हिशेबात धरा

शहरापासून जितके लांब जावे तितके भाडे उतरते, हे खरे. पण वाचलेले भाडे तिकिटात, इंधनात, कधी दुसऱ्या वाहनाच्या हप्त्यात आणि मुख्य म्हणजे तासांत परत जाते. शिकागोतील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था याच कारणाने निवारा आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजते. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा, असे तिचे प्रमाण आहे. हा आकडा प्रत्येक देशात जसाच्या तसा लागू पडेल असे नाही, मात्र दोन खर्चांची एकत्र बेरीज करण्याची पद्धत कुठेही उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक संभाव्य परिसरासाठी महिन्याचे भाडे, देखभालीचा खर्च, सर्वांचा प्रवास आणि मुलांची ने-आण यांची एकच बेरीज करावी.

वेळेचा हिशेब त्याहून डोळे उघडणारा असतो. समजा, जवळच्या परिसरातून कार्यालयात जायला एका बाजूने ४० मिनिटे लागतात आणि लांबच्या परिसरातून ७५ मिनिटे. फरक ३५ मिनिटांचा, म्हणजे रोजचा जाऊन-येऊन ७० मिनिटांचा. वर्षातील २४० कामाच्या दिवसांत तो २८० तास होतो, आणि आठ तासांचा एक दिवस धरला तर वर्षाकाठी ३५ पूर्ण दिवस. हे तास मुलाच्या अभ्यासातून, एकत्र जेवणातून आणि झोपेतून काढले जातात. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस श्टुत्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील दीर्घकालीन कौटुंबिक पाहणीच्या आधारे २००८ साली दाखवून दिले की, ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा आहे त्यांचे समाधान सरासरीने कमी असते. म्हणजेच स्वस्त घर किंवा जास्त पगार त्या प्रवासाची पुरती भरपाई करत नाही. घर निवडताना खोली मोठी मिळाल्याचा आनंद आपण फार मोठा धरतो आणि रोजचा प्रवास अंगवळणी पडेल असे मानतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रवासाचा वेळ नकाशावरील अंतरावरून काढू नये. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंतचा वेळ धरावा, त्यात स्थानकापर्यंतचे चालणे, वाट पाहणे आणि गाडी बदलणे हे सगळे यावे. दर दहा मिनिटांनी येणारी गाडी आणि दर चाळीस मिनिटांनी येणारी गाडी नकाशावर सारखीच दिसते, पण दुसरी चुकली की सगळा दिवस विस्कटतो. शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि नेहमीचा मार्ग बंद पडला तर दुसरा मार्ग आहे का, हेही विचारून घ्यावे. मग नकाशावर ठरावीक किलोमीटरचे वर्तुळ काढण्याऐवजी ठरवलेल्या मिनिटांत पोहोचता येईल अशा जागांवर खुणा कराव्यात. त्यातून जो आकार तयार होतो तो वाहतुकीच्या मार्गांबरोबर लांबत जातो, आणि कधी कधी दूरचे उपनगर जवळच्या उपनगरापेक्षा वेळेने जवळ ठरते.

शाळा आणि पाळणाघर यांची चौकशी घराच्या आधी

‘जवळच चांगली शाळा आहे’ या वाक्याला, तिथे जागा आहे का आणि आपल्या मुलाला ती मिळू शकते का, हे कळेपर्यंत काही अर्थ नाही. अनेक ठिकाणी प्रवेश राहत्या पत्त्यावर अवलंबून असतो आणि शाळेच्या हद्दीची रेषा एखाद्या रस्त्याच्या मधोमध जाते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन घरांना वेगवेगळ्या शाळा लागू होतात. म्हणून शाळेच्या कार्यालयात स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: या पत्त्याला प्रवेश मिळतो का, पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो का आणि तो किती मुदतीचा असावा लागतो, आणि वर्षाच्या मध्यात मूल आले तर त्या इयत्तेत जागा असते का. उत्तरे मिळेपर्यंत अनामत रक्कम देऊ नये.

पाळणाघराच्या बाबतीत बंद होण्याची वेळ हीच खरी कसोटी ठरते. पाळणाघर साडेसहाला बंद होते, गाडी सहा वीसला पोहोचते आणि स्थानकापासून चालायला बारा मिनिटे लागतात, असा परिसर कागदावर कितीही उत्तम दिसला तरी तिथे राहणारी आई किंवा बाप रोज धावत सुटणार, आणि गाडीला पाच मिनिटे उशीर झाला की मूल दारात एकटे उभे राहणार. असा हिशेब आधीच मांडून पाहावा. प्रतीक्षायादी किती लांब आहे, हेही तेव्हाच विचारावे.

मुलांचे वय किती असताना स्थलांतर करावे, याबद्दल एक महत्त्वाचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत १९९४ पासून पाच मोठ्या शहरांत एक प्रयोग करण्यात आला, त्यात गरीब वस्त्यांतील काही कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहता यावे म्हणून सोडत काढून मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे दिसले की, वयाच्या तेराव्या वर्षाआधी अशा वस्तीत गेलेल्या मुलांचे मोठेपणीचे उत्पन्न तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते. तेराव्या वर्षानंतर गेलेल्या मुलांत मात्र असा लाभ दिसला नाही. परिसराचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो, असा याचा अर्थ मी घेतो. लहान मुलांच्या कुटुंबाने म्हणूनच अशा परिसराला झुकते माप द्यावे, जिथे घरमालक बदलला किंवा भाडे वाढले तरी त्याच शाळेच्या टापूत दुसरे घर मिळू शकेल. ज्या वस्तीत भाड्याची घरे मोजकीच असतात, तिथे एक करार संपला की शाळाही सुटते.

दवाखान्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: रात्री दोन वाजता मूल आजारी पडले तर कुठे जायचे आणि कसे?

मुलाच्या उंचीवरून चालून पाहा

परिसराची खरी पारख पायी होते, आणि ती मुलाला सोबत घेऊन करावी. नेदरलँड्समधील बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनने शहरांसाठी ‘अर्बन ९५’ नावाचा उपक्रम सुरू केला. यातील ९५ म्हणजे सेंटिमीटर, तीन वर्षांच्या निरोगी मुलाची साधारण उंची. त्या उंचीवरून शहर कसे दिसते, हा या उपक्रमाचा मूळ प्रश्न आहे. आपणही तेच करावे. नियोजित घरापासून शाळेपर्यंत जाताना प्रत्येक चौकात खाली बसून पाहावे. उभ्या माणसाला दूरवर दिसणारा रस्ता त्या उंचीवरून पाहिला तर रांगेने उभ्या केलेल्या गाड्यांमुळे पूर्ण झाकलेला असतो, आणि चालकालाही तिथून पाऊल टाकणारे मूल शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

रस्ता ओलांडण्याची वेळ मोजणे सोपे आहे. पंधरा मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या प्रौढ चालीने साडेबारा सेकंदांत ओलांडता येतो, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या लहानग्याला किंवा आजीला जवळजवळ एकोणीस सेकंद लागतात. चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा त्याआधीच विझत असेल, तर त्या चौकातून मूल एकटे कधी जाऊ शकेल याचे उत्तर आपल्याला मिळालेले असते. वाहनांचा वेग त्याहूनही निर्णायक आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते, म्हणजे चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती तेवढे अंतर कापते. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबलेली असते. रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी काय म्हणते यापेक्षा गाड्या प्रत्यक्षात कशा येतात, गतिरोधक आणि अरुंद वळणे आहेत का, आणि पदपथ सलग आहे की दर थोड्या अंतरावर तुटून मुलाला रस्त्यावर उतरवतो, हे पाहावे.

वाहतुकीचा संबंध फक्त अपघाताशी नसतो. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचना अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतील शेजारशेजारच्या तीन रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर प्रचंड रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नव्हता. मुलांना खेळायला सोबती मिळण्यासाठी आधी मोठी माणसे दारात उभी राहून बोलू शकली पाहिजेत, हे त्यातून कळते. मैदान किंवा बाग किती दूर आहे हेही याच फेरीत मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी असे सुचवले आहे. लहान मुलाच्या चालीने हे सहा-सात मिनिटांचे अंतर झाले, आणि माझ्या मते तीच खरी मर्यादा आहे. त्यापलीकडची बाग फक्त सुटीच्या दिवशी वापरात येते.

वेगवेगळ्या वेळी जाऊन खात्री करा

घर दाखवणारा माणूस साहजिकच बरी वेळ निवडतो. आपण मात्र कामाच्या दिवशी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी, अंधार पडल्यानंतर, सुटीच्या आदल्या रात्री आणि जमले तर जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी, असे वेगवेगळ्या वेळी जावे. अंधारात स्थानक ते घर हा रस्ता घरातील स्त्रीने आणि वयात आलेल्या मुलीने स्वतः चालून पाहावा आणि त्यांचे मत शेवटचे मानावे. पावसानंतर तळमजल्याच्या भिंतींवरील ओलीच्या रेषा, गटारांची तोंडे आणि उतार पाहिले की पाणी कुठे साचते हे कुणाला विचारावे लागत नाही.

रात्रीच्या आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शनात रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज घराबाहेर रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. फोनवरील ॲप अचूक मोजत नाही, पण दोन घरांची तुलना करायला पुरते. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा वाटतो, म्हणून आकड्यातला छोटा फरकही हलका समजू नये. हवेसाठी जवळच्या मापन केंद्राच्या वर्षभराच्या नोंदी पाहाव्यात. २०२१ पासून पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा संघटनेने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे आणि बहुतेक महानगरे तिच्या फार पुढे आहेत, तेव्हा त्याच शहरात तुलनेने बरी जागा शोधणे एवढेच हाती उरते. वाहनांच्या धुराचे प्रमाण हमरस्त्यापासूनच्या पहिल्या शे-दीडशे मीटरांत झपाट्याने घसरते. त्यामुळे हमरस्त्यावरच्या इमारतीऐवजी दोन गल्ल्या आतली इमारत निवडली, तर भाडे जवळपास तेच राहूनही मुलाच्या फुप्फुसांना आणि झोपेला मोठा फरक पडतो.

माणसांशी बोला, पण नेमके विचारा

‘इथे कसे वाटते?’ असे विचारले की ‘चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी मैदानावर मुलांना घेऊन आलेल्या पालकांना असे विचारावे की, तुमचे मूल एकटे कुठपर्यंत जाते? या एका प्रश्नाच्या उत्तरात रहदारी, सुरक्षितता आणि शेजाऱ्यांवरचा विश्वास हे तिन्ही येते. ‘दुकानापर्यंत जाते, दुकानदार ओळखतो’ असे दहा वर्षांच्या मुलाबद्दल सहजपणे सांगणारा परिसर आणि ‘छे, एकटे कुठे सोडणार’ असे म्हणणारा परिसर यांत खूप अंतर आहे. आपल्या मुलाच्या वयाची मुले संध्याकाळी बाहेर दिसतात का, आणि त्यांच्या अवतीभवती वयस्क माणसेही बसलेली असतात का, हे डोळ्यांनी पाहावे. दिवसभर वर्दळ असलेल्या, खिडक्या रस्त्याकडे उघडणाऱ्या गल्लीवर आपोआप अनेकांची नजर राहते. उंच भिंती आणि बंद फाटकांमधली शांतता दिसायला सुरक्षित असली तरी तिथे अडचणीच्या वेळी हाक ऐकणारे कुणी नसते.

गुन्ह्यांचे आकडे पाहताना सावध असावे. स्थानक आणि बाजारपेठेच्या भागात बाहेरून लोंढे येत असल्याने तिथल्या रहिवाशांच्या संख्येच्या मानाने आकडा फुगतो. गुन्हा कोणत्या प्रकारचा, कोणत्या वेळी आणि नेमका कुठे घडला, हे पाहिल्याशिवाय परिसरावर शिक्का मारू नये. तसेच आपल्यापेक्षा वेगळी भाषा बोलणारी किंवा वेगळ्या पेहरावातली माणसे दिसली म्हणून परिसर असुरक्षित ठरत नाही. अशा ऐकीव शिक्क्यांमुळे अनेक कुटुंबे परवडणारे, आपुलकीचे शेजार हातचे घालवतात.

मग घरात शिरा

इथे पाहण्याजोगे बरेच असते, पण कुटुंबासाठी थोड्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. गच्चीच्या आणि जिन्याच्या कठड्यातील गजांमधले अंतर साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवे, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यातून जात नाही. आडवे गज असतील तर मूल शिडीसारखे वर चढते, हेही पाहावे. जुन्या इमारतीत रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर त्यात शिसे असू शकते, आणि शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी निर्धोक मानले जात नाही. बाबागाडी आणि सायकल ठेवायला खाली जागा आहे का, खालच्या मजल्यावर कोण राहते आणि मुलांच्या धावण्याच्या आवाजावरून आधी तक्रारी झाल्या आहेत का, हे विचारून घ्यावे.

निवड आणि करार

दोन-तीन परिसर उरले की गुणांचा तक्ता करून बेरीज मारण्याचा मोह होतो. तो टाळावा. शाळेकडे जाणारा रस्ता धोक्याचा असेल तर मोठी खोली आणि कमी भाडे यांचे गुण त्यात मिसळून तो धोका कमी होत नाही. म्हणून सुरुवातीला ठरवलेल्या दोन-तीन अटींवर प्रत्येक परिसर आधी पास किंवा नापास करावा आणि जे उरतील त्यांचीच आपापसांत तुलना करावी. सहा-सात वर्षांवरील मुलांना या टप्प्यावर त्यांचे मत आवर्जून विचारावे. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेला भटक्या कुत्र्यांचा कोपरा किंवा खेळायला मनाई करणारी पाटी तीच दाखवतात. शक्य असल्यास त्या भागात चार-आठ दिवस तात्पुरते राहून शाळा-कार्यालयाची फेरी नेहमीच्या वेळी करून पाहावी.

करारातील भाडे आणि अनामत सगळेच वाचतात. त्याहून बारकाईने वाचायच्या बाबी अशा: करार किती महिन्यांचा आहे, घर सोडण्यासाठी किंवा सोडायला सांगण्यासाठी किती आधी सूचना द्यावी लागते, भाडेवाढ केव्हा आणि किती, दुरुस्ती कोणी करायची, आणि मालकाने घर विकले तर भाडेकरूचे काय. कराराची अखेर परीक्षांच्या दिवसांत येत असेल, तर सुरुवातीची मुदत एक-दोन महिन्यांनी वाढवून ती शालेय वर्षाच्या शेवटाशी जुळवण्याची विनंती करावी. मालकालाही सुटीत नवे भाडेकरू सहज मिळतात, त्यामुळे ही विनंती बहुधा मान्य होते. सूचनेचा कालावधी मुलाला दुसरीकडे शाळाप्रवेश मिळवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असू नये, आणि तो तसा असेल तर वाढवून लेखी घेतल्याखेरीज सही करू नये. किल्ली हाती घेण्याआधी प्रत्येक खोलीची, ओलीच्या डागांची आणि नळ-बटणांची छायाचित्रे तारखेसह काढून मालकालाही पाठवावीत.